हवा किती?

चावी दारालाच असते, बाहेरून.
आमच्या गोझोत पद्धतच तशी.
पाहुणे पहिल्या दिवशी ती काढून खिशात घालतात,
तिसऱ्या दिवशी विसरतात,
पाचव्या दिवशी पुन्हा दारालाच ठेवून
पाण्यात उतरायला निघून जातात.

भाड्यात काय काय येतं ते मी आधीच सांगते:
दोन खोल्या, गच्ची, चार पातेली,
एक सुरी टोमॅटो कापणारी, एक नुसतीच.
जेवण तुमचं तुम्ही करायचं.
नळाचं पाणी मचूळ, चहाला बाटलीतलं घ्या.
केपरचं झुडूप कुंपणाच्या भिंतीतून आलंय,
हव्या तेवढ्या कळ्या तोडा.
टीव्ही नाही.
कोंबडा आहे, शेजारचा. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

यंदा ऑक्टोबरात दोघी बहिणी आल्या, पोलंडच्या.
थोरली बोगुमिला. धाकटीचं नाव
माझ्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही.
त्यांचे काळे रबरी पोशाख गच्चीवर दोरीला,
आतली माणसं गळून गेल्यासारखे.
रात्री कांदा परतल्याचा वास,
नऊला दिवा बंद.
इतक्या शांत, की वाटायचं
बोलणं खालीच उरकून येत असतील.

आणि निघालं तसंच.
मी मेंढीच्या दुधाचं चीज घेऊन गेले,
तर थोरलीनं अंगठा न् तर्जनीचं कडं केलं: ठीक.
मग ओट्यापाशी उभं करून शिकवलंच सगळं.
पंजा डोलवला: काहीतरी बिघडलंय.
दोन बोटं तळहातावर टेकवली: तुझी हवा किती?
अंगठा वर: चल, वर जाऊ.
शाबास नव्हे हं,
हे तिनं दोनदा बजावलं.

ड्वेय्राची ती दगडी कमान,
आम्ही तिला खिडकी म्हणायचो,
वादळात एका सकाळी कोसळली.
आमच्या लग्नाच्या फोटोत ती आहे मागे,
आम्हा दोघांहून ठळक.
धाकटीनं वाणसामानाच्या पावतीमागे काढून दाखवली:
आता अशी आडवी आहे. इथे भेग. इथून मासे जातात.
मी ती पावती मागच्या खोलीत नेली.
वीस्तिननं बराच वेळ धरली हातात.
कठीण दगड तो, म्हणाला, आपला नव्हे.
आपल्या खाणीतला मऊ,
लोण्यासारखा कापला जायचा.

मऊ, म्हणून तर धूळ बारीक.
चाळीस वर्षं त्यानं घरं कापली जमिनीतून,
उरलेला भुगा छातीत.
आता त्याच्याही उशाशी एक नळकांडं,
पाहुण्यांच्यापेक्षा सडपातळ, चाकांवर.
त्यांची हवा मंगळवारी यायची, कंप्रेसरवाल्या लोनझूकडून,
याची बुधवारी, दवाखान्याच्या गाडीतून.
पोहायला आम्हा दोघांनाही येत नाही.
बेटावर जन्मून, असंच.

बहिणी शनिवारी गेल्या.
ओट्यावर मागे राहिलं:
अर्धा पुडा मीठ,
तारखा पेन्सिलीनं लिहिलेली तीन अंडी,
आणि सुरी. धार लावलेली.
नुसतीच होती, ती.

त्या रात्री वीस्तिनच्या तोंडावर मास्क होता,
बोलणं होत नव्हतं.
मी दोन बोटं तळहातावर टेकवली.
त्याला मी सगळं शिकवलं होतं, सगळ्या खुणा,
हसला होता तेव्हा, म्हातारपणी शाळा म्हणून.
त्यानं छताकडे पाहिलं थोडं.
मग अंगठा वर केला.

जुन्या अर्थानं की नव्या,
मी विचारलं नाही.
त्याला खूणही नाही.
नळकांड्यावरचा काटा पाहिला,
पांघरूण ओढलं,
आणि अंड्यांवरची तारीख बघून
सकाळसाठी दोन बाजूला काढली.